मॅच प्ले गोल्फमधील लहान पट बहाल करण्याची प्रथा : शिष्टाचार आणि डावपेच

प्रस्तावना

बहुतेक खेळांत गुण प्रत्यक्ष मिळवावा लागतो. क्रिकेटमध्ये फलंदाज खेळपट्टीच्या निम्म्यावर पोहोचला असताना 'ही धाव झाली असे समजा' असे क्षेत्ररक्षकाने म्हणण्याची सोय नाही. बुद्धिबळात खेळाडूला आपला संपूर्ण डाव सोडून देता येतो, परंतु प्रतिस्पर्ध्याची एखादी चाल न खेळताच खेळली गेली असे मानता येत नाही. गोल्फच्या मॅच प्ले या प्रकारात मात्र प्रतिस्पर्ध्याने अद्याप न मारलेला फटका मारला गेला, आणि तो यशस्वीही झाला, असे मान्य करण्याचा अधिकार खेळाडूला आहे. छिद्राजवळ थांबलेल्या चेंडूकडे पाहून 'हा दिला' एवढे शब्द उच्चारले की तो होल प्रतिस्पर्ध्यापुरता पूर्ण होतो. गोल्फच्या बोलीत अशा पटाला 'गिमी' म्हणतात.

वरवर पाहता ही केवळ वेळ वाचवण्याची सोय वाटते. प्रत्यक्षात या दोन शब्दांत सौजन्य आणि डावपेच एकत्र नांदतात. तोच पट, तेच अंतर, तेच शब्द असूनही एका प्रसंगी ते औदार्य ठरते, तर दुसऱ्या प्रसंगी चाल ठरते. प्रस्तुत लेखात या प्रथेची नियमांतील चौकट, तिच्याभोवतीचे शिष्टाचार, तिच्यातील डावपेच आणि काही गाजलेले प्रसंग यांचा विचार केला आहे. पट बहाल करणे हे पूर्णतः देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. घेणाऱ्याला तो आपला हक्क वाटू लागला, की वादाला तोंड फुटते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

मॅच प्लेचे स्वरूप

गोल्फ दोन प्रमुख पद्धतींनी खेळला जातो. स्ट्रोक प्लेमध्ये सर्व १८ होलांवरील फटक्यांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज असलेला खेळाडू विजयी ठरतो. मॅच प्लेमध्ये दोन खेळाडू किंवा दोन जोड्या समोरासमोर असतात. ज्याने कमी फटक्यांत चेंडू छिद्रात घातला त्याने तो होल जिंकला. एखाद्या होलवर दहा फटके घेतले काय किंवा सहा घेतले काय, नुकसान एकाच होलचे होते.

या फरकातच पट बहाल करण्याच्या प्रथेचे मूळ आहे. स्ट्रोक प्लेमध्ये एका खेळाडूला दिलेली सूट मैदानावरील इतर सर्व स्पर्धकांच्या हिताला बाधक ठरते. म्हणून तेथे प्रत्येक होलवर चेंडू छिद्रात घालणे अनिवार्य असते; तसे न करता पुढील होल सुरू करणारा खेळाडू अपात्र ठरतो. मॅच प्लेमध्ये प्रश्न केवळ दोन पक्षांचा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या अपयशाचा लाभ ज्याला मिळणार आहे, त्यानेच तो लाभ स्वेच्छेने सोडला तर तिसऱ्या कोणाचेही काही बिघडत नाही.

लहान पट खरोखर निश्चित असतो काय ?

छिद्राचा व्यास ४.२५ इंच असतो आणि चेंडूचा व्यास १.६८ इंचांपेक्षा कमी असता कामा नये असा नियम आहे. दोन फुटांवरून चेंडू छिद्रात घालणे अनुभवी खेळाडूस अवघड नाही. व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरील पट क्वचितच चुकवतात. आठ फुटांवर मात्र त्यांचेही यश सुमारे निम्म्यावर येते. तरीही 'क्वचित' म्हणजे 'कधीच नाही' असे नव्हे.

१९७० साली सेंट अँड्र्यूज येथील ओपन स्पर्धेत डग सँडर्स यांनी शेवटच्या होलवर सुमारे तीन फुटांचा पट चुकवला. तो पडला असता तर ते विजेते ठरले असते. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जॅक निकलॉस जिंकले. १९८३ च्या ओपन स्पर्धेत रॉयल बर्कडेल येथे हेल आयर्विन यांनी छिद्रापासून काही इंचांवर असलेल्या चेंडूला निष्काळजीपणे उलट्या हाताने टोला मारला आणि पटर चेंडूला लागलाच नाही. तो फटका मोजला गेला आणि आयर्विन टॉम वॉटसन यांच्यापेक्षा एका फटक्याने मागे राहिले. हे दोन्ही प्रसंग स्ट्रोक प्लेमधील आहेत, म्हणजेच जेथे कोणी पट बहाल करू शकत नव्हते. मॅच प्लेमध्ये पट बहाल करणारा नेमके काय सोडून देतो, हे त्यांवरून ध्यानात येते.

साध्या गणितानेही हे दाखवता येते. समजा, एखादा हौशी खेळाडू तीन फुटांवरून १०० पैकी ९५ पट यशस्वी करतो. एकच पट बहाल केला तर प्रतिस्पर्धी पाच टक्के संधी सोडतो. ही किरकोळ वाटते. परंतु एका सामन्यात असे दहा पट बहाल केले आणि प्रत्येक पट स्वतंत्र मानला, तर त्या दहांपैकी किमान एक चुकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होती. एका होलच्या फरकाने सुटणाऱ्या सामन्यात ही संधी लहान म्हणता येणार नाही. औदार्याची किंमत एकेका पटात दिसत नाही. ती सामन्याच्या अखेरीस बेरजेत दिसते.

नियमांची चौकट

गोल्फचे नियम सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए आणि अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या दोन संस्था संयुक्तपणे निश्चित करतात. २०१९ साली नियमांची पुनर्रचना झाल्यापासून हा विषय नियम ३.२ मध्ये येतो. त्यातील प्रमुख तरतुदी अशा आहेत :

१) खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा पुढील फटका, संपूर्ण होल किंवा संपूर्ण सामना बहाल करू शकतो. फटका बहाल करायचा असेल तर तो मारला जाण्यापूर्वीच करावा लागतो.

२) एकदा बहाल केलेला फटका अंतिम असतो. देणाऱ्याला तो परत घेता येत नाही आणि घेणाऱ्याला तो नाकारता येत नाही.

३) बहाल करण्याचा हेतू शब्दांनी किंवा कृतीने स्पष्टपणे व्यक्त व्हावा लागतो. मौन म्हणजे संमती हा न्याय येथे लागू होत नाही.

४) खेळाडूच्या बोलण्याचा किंवा कृतीचा वाजवी गैरसमज होऊन प्रतिस्पर्ध्याने चेंडू उचलला, तर दंड होत नाही, चेंडू मूळ जागी ठेवून खेळ पुढे चालतो.

यांपैकी दुसरी तरतूद विशेष लक्षणीय आहे. पट बहाल झाल्यावर प्रतिस्पर्ध्याने सहज म्हणून चेंडू मारला आणि तो चुकला, तरी तो पट यशस्वीच मानला जातो. दिलेले दान नंतरच्या घटनेने रद्द होत नाही.

आणखी एक तरतूद या प्रथेचा गाभा स्पष्ट करते. 'अमुक अंतराच्या आतील सर्व पट दिलेले समजावेत' असा करार दोन्ही खेळाडूंनी सामन्यापूर्वी करणे नियमबाह्य आहे. असा करार चालत नाही हे ठाऊक असूनही तो कायम ठेवून खेळ सुरू केला तर दोघेही अपात्र ठरतात. मित्रांच्या खेळांत पटरच्या मुठीखालील दांड्याच्या लांबीत, म्हणजे साधारण दोन फुटांत, असलेला पट आपोआप दिलेला मानण्याची पद्धत सर्रास आढळते. नियमबद्ध स्पर्धेत तिला स्थान नाही. एकेक पट बहाल करण्यास मुभा आणि सरसकट बहाल करण्यास बंदी, ही भूमिका प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तिच्यामागील तर्क असा सांगता येईल : पट बहाल करणे हा प्रत्येक वेळी, समोरची स्थिती पाहून, एका व्यक्तीने घेतलेला निर्णय असला पाहिजे. करार झाला की निर्णय संपतो आणि छिद्रच मोठे केल्यासारखे होते.

शिष्टाचार

नियम काय करता येते ते सांगतात. काय शोभते ते शिष्टाचार सांगतात. याबाबत गोल्फपटूंमध्ये सर्वसाधारणपणे पुढील संकेत रूढ आहेत.

पहिला संकेत असा की, पट कधीही मागू नये. 'हा दिलास ना ?' असे विचारणे, प्रतिस्पर्ध्याकडे अपेक्षेने पाहत राहणे किंवा चेंडूजवळ रेंगाळणे असभ्य मानले जाते. मागितल्यावर मिळालेल्या गोष्टीत औदार्य उरत नाही आणि नाकारणाऱ्याला विनाकारण कठोर ठरावे लागते. दुसरा संकेत देणाऱ्यासाठी आहे. द्यायचे असेल तर लवकर आणि ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे. प्रतिस्पर्धी पवित्रा घेऊन उभा राहिल्यावर बोलणे म्हणजे त्याची एकाग्रता भंग करणे होय. तिसरा संकेत घेणाऱ्यासाठी आहे. शब्द स्पष्ट ऐकल्याखेरीज चेंडूला हात लावू नये. शंका असल्यास चेंडूची जागा खुणेने नोंदवून पट खेळण्याची तयारी करावी. चौथा संकेत असा की, न मिळालेल्या पटाबद्दल नाराजी दाखवू नये. प्रतिस्पर्ध्याने पट खेळायला लावला म्हणजे त्याने अपमान केला असे नव्हे. त्याने केवळ आपला अधिकार सोडला नाही.

या शेवटच्या संकेताचे पालन नामवंतांकडूनही नेहमी होतेच असे नाही. २०२१ च्या रायडर चषकात व्हिसलिंग स्ट्रेट्स येथे ब्रायसन डिशॅम्बो यांनी बहाल न झालेला लहान पट पूर्ण केल्यावर पटर ग्रीनवर आडवा ठेवून अंतर किती कमी होते हे दर्शवले. कृती गमतीची दिसली, तरी तिच्यात 'हा मला मिळायलाच हवा होता' ही तक्रार होती.

डावपेच

सौजन्याच्या या व्यवहाराला डावपेचाचीही बाजू आहे. चार डावपेच ठळकपणे सांगता येतात.

सर्वांत प्रसिद्ध डाव म्हणजे आरंभी उदार आणि अखेरीस कृपण होणे. पहिल्या काही होलांवर प्रतिस्पर्ध्याला लहान पट देत राहायचे. सामना निर्णायक टप्प्यावर आला की तेवढ्याच अंतराच्या पटाच्या वेळी गप्प उभे राहायचे. तोवर प्रतिस्पर्ध्याने दिवसभरात एकही लहान पट प्रत्यक्ष खेळलेला नसतो. हाताला सराव नसतो, ग्रीनच्या वेगाचा अंदाज नसतो आणि अनपेक्षित मौनाने मन विचलित झालेले असते. मॅच प्ले पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या पीजीए चँपियनशिपमध्ये १९२१ ते १९२७ या काळात पाच वेळा विजेते ठरलेले अमेरिकन खेळाडू वॉल्टर हेगेन यांचे नाव या डावाशी अनेकदा जोडले जाते. १९५८ पासून ही स्पर्धा स्ट्रोक प्ले पद्धतीने होते.

दुसरा डाव याच्या उलट आहे. प्रारंभीच एक-दोन लहान पट खेळायला लावून प्रतिस्पर्ध्याचा हात किती स्थिर आहे ते पाहून घ्यायचे आणि त्यावरून पुढील धोरण ठरवायचे.

तिसरा डाव जोडीच्या सामन्यांतील आहे. फोरबॉलमध्ये प्रत्येक जण आपापला चेंडू खेळतो आणि जोडीतील चांगली धावसंख्या मोजली जाते. प्रतिपक्षातील एकाचा लहान पट आणि त्याच्या जोडीदाराचा लांब पट एकाच रेषेवर असतील, तर लहान पट तत्काळ बहाल केला जातो. त्यामुळे तो चेंडू कसा वळतो हे जोडीदाराला पाहायला मिळत नाही. पट नाकारता येत नसल्याने प्रतिपक्षाला हे दान स्वीकारावेच लागते. बहाल झाल्यानंतरही तो पट खेळून जोडीदाराला मदत केल्यास, त्या होलवर जोडीदाराची धावसंख्या ग्राह्य धरली जात नाही.

चौथा डाव परतफेडीच्या भावनेवर आधारलेला आहे. थोडा अवघड पट मनमोकळेपणाने बहाल केला की प्रतिस्पर्ध्यावर नैतिक ऋण येते. पुढे आपल्या पटाच्या वेळी त्याला नकार देणे जड जाते.

हे डावपेच नियमात बसतात. ते अनैतिक आहेत काय, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. पट खेळायला लावणे म्हणजे खेळ खेळू देणे होय. त्यात फसवणूक नाही. लहान पट कधीच गृहीत न धरणाऱ्या खेळाडूवर पहिल्या डावाचा परिणाम अल्पच होतो. डाव यशस्वी होतो तो प्रतिस्पर्ध्याच्या मनात आधी हक्काची भावना निर्माण झाली असेल तरच.

चार प्रसंग

१) रॉयल बर्कडेल, १९६९. रायडर चषकाचा हा सामना कटुतेने सुरू झाला होता. अमेरिकन खेळाडूंचा चेंडू गवतात हरवल्यास शोधायला मदत करू नका, अशी सूचना ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राउन यांनी आपल्या संघाला दिली होती. अखेरच्या दिवशी सर्व काही जॅक निकलॉस आणि टोनी जॅकलिन यांच्या शेवटच्या लढतीवर येऊन ठेपले. १७ व्या होलवर लांब पट घालून जॅकलिन यांनी बरोबरी साधली. १८ व्या होलवर निकलॉस यांनी आपला पट पूर्ण केला आणि जॅकलिन यांना सुमारे दोन फुटांचा पट उरला. निकलॉस यांनी जॅकलिन यांच्या चेंडूची खूण उचलून तो पट बहाल केला. लढत बरोबरीत सुटली आणि सामनाही १६-१६ असा, रायडर चषकाच्या इतिहासात प्रथमच, बरोबरीत राहिला.

या घटनेचे वर्णन करताना एक बाब अनेकदा निसटते. चषक आधीपासून अमेरिकेकडे असल्याने बरोबरीतही तो अमेरिकेकडेच राहणार होता. निकलॉस यांनी स्वतःचा पट घातल्यावर चषक गमावण्याचा धोका संपला होता. पणाला होता तो निर्भेळ विजय. तोही त्यांनी सोडला आणि अमेरिकन कर्णधार सॅम स्नीड यांना ते रुचले नाही. स्नीड यांच्या नाराजीतही तथ्य होते, कारण निकलॉस यांनी सोडलेली संधी त्यांच्या एकट्याची नव्हती. ती संपूर्ण संघाची होती. तथापि नुकतीच ओपन स्पर्धा जिंकलेल्या जॅकलिन यांच्यावर मायदेशातील प्रेक्षकांसमोर अपयशाचा शिक्का बसू नये, हा निकलॉस यांचा विचारच पुढे स्मरणात राहिला. २००६ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सुरू झालेल्या एका गोल्फ क्लबला या घटनेवरून 'द कन्सेशन' हे नाव देण्यात आले.

२) मेडिना, २०१२. येथेही शेवटच्या लढतीत शेवटच्या होलवर टायगर वुड्स यांनी फ्रान्सेस्को मोलिनारी यांचा पट बहाल केला. मार्टिन कायमर यांच्या विजयाने चषक युरोपकडे राहणार हे तोवर ठरले होते. बहाल केलेल्या पटामुळे १४-१४ अशी बरोबरी होण्याची शक्यता संपून युरोपचा १४½-१३½ असा विजय नोंदला गेला. कृती बर्कडेलसारखीच, परंतु तिला तशी कीर्ती लाभली नाही. निकाल लागून गेल्यानंतरचे दान आणि निकाल अधांतरी असतानाचे दान यांचे मोल लोकांच्या मनात सारखे नसते.

३) सेंट लिऑन-रोट, २०१५. महिलांच्या सोलहाइम चषकात जर्मनीतील या मैदानावर फोरबॉलचा एक सामना १७ व्या होलवर बरोबरीत होता. अमेरिकेच्या ॲलिसन ली यांचा पट चुकून चेंडू सुमारे दीड फुटावर थांबला. पुढचा पट बहाल झाला असे समजून त्यांनी चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसन यांनी तो बहाल केला नसल्याचे सांगितले. नियमानुसार होल युरोपला मिळाला आणि पेटरसन व चार्ली हल यांनी तो सामना जिंकला. लढतीचा गुणफलक १०-६ असा युरोपच्या बाजूने झाला. मात्र त्यानंतरच्या एकेरी सामन्यांत अमेरिकेने मुसंडी मारून १४½-१३½ असा विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी पेटरसन यांनी जाहीर क्षमायाचना केली.

नियम पेटरसन यांच्या बाजूने होता, यात शंका नाही. चूक ली यांची होती. त्यांनी मौनाला संमती मानले. तरीही क्षमा पेटरसन यांनी मागितली. नियम पाळूनही खेळभावनेस धक्का लागू शकतो, याची ही कबुली होती.

४) ऑस्टिन, २०१९. जागतिक मॅच प्ले स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सर्जिओ गार्सिया यांचा पट सातव्या होलवर चुकला. पुढचा काही इंचांचा पट मॅट कुचर बहाल करतील असे गृहीत धरून गार्सिया यांनी घाईने उलट्या हाताने चेंडू ढकलला आणि तो चुकला. कुचर यांनी तोवर काहीही म्हटले नव्हते. फटका मारला गेल्यानंतर तो बहाल करण्याची तरतूदच नाही. होल कुचर यांना मिळाला. कुचर यांनी पुढील एखादा होल बहाल करून भरपाई करावी, असे गार्सिया यांनी सुचवले. कुचर यांनी तसे केले नाही आणि सामना जिंकला. नियमाप्रमाणे होल बहाल करणे त्यांना शक्य होते, परंतु ते त्यांचे कर्तव्य नव्हते.

निष्कर्ष

या प्रसंगांची तुलना केल्यास एक भेद स्पष्ट होतो. बर्कडेल आणि मेडिना येथे घेणाऱ्याने काही गृहीत धरले नव्हते. जे मिळाले ते देणाऱ्याच्या इच्छेने मिळाले. सेंट लिऑन-रोट आणि ऑस्टिन येथे मात्र दिले जाण्यापूर्वीच घेतले गेले. अंतर दीड फूट होते की काही इंच, हा प्रश्न दुय्यम आहे.

पट बहाल करण्याची प्रथा टिकून आहे ती तिच्यातील स्वातंत्र्यामुळे. देण्याची सक्ती असती तर तो केवळ आणखी एक नियम झाला असता. दिलेले परत घेता आले असते तर त्याला विश्वासाचे मोल राहिले नसते. अंतराचा आगाऊ करार नियमांना का चालत नाही, याचेही उत्तर येथेच आहे.

खेळाडूच्या दृष्टीने यातून दोन सूत्रे निघतात. देणाऱ्याने दिलेल्या पटाची किंमत जाणून द्यावे आणि दिल्यावर तिचा हिशेब मनात ठेवू नये. घेणाऱ्याने प्रत्येक लहान पट आपल्याला खेळावाच लागणार आहे असे समजून चेंडूकडे चालत जावे. मिळाला तर आभार मानावेत. न मिळाला तर चेंडू छिद्रात घालावा.